आक्काचं मुखपृष्ठ

परवा पुण्याहून एक गृहस्थ माझी मुखपृष्ठं बघायला आले होते. जुन्या रहस्यकथांची मुखपृष्ठं जमवणारी एक म्हातारी सांगलीत राहते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. माणूस भला. हात पुसून बसला आणि एकेक कागद अलगद उचलून बघायला लागला. "वा, काय पिवळा लावलाय!" म्हणाला, तेव्हा मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग त्याच्या हाताला ते एक लागलं. त्यानं ते उजेडात धरलं, तोंड वाकडं केलं आणि बाजूला ठेवलं. "याला कसर लागलीय. चेहराच खाल्लाय बघा. हे काढून टाका, नाहीतर बाकीच्यांनाही लागेल."

"कसर नाही ती," मी म्हणाले. "चहा गार होतोय तुमचा."

माझा आवाज चढला असावा. बिचारा चहा पिऊन गेला. त्याचं काय चुकलं म्हणा! त्याला कोण सांगणार? मीही आजवर कुणाला सांगितलं नाही. पण आता वयही झालं आणि कागदही पिवळा पडला, तर सांगून टाकते.

आमचं गाव आष्ट्याजवळ. घरी ऊस, दोन बैल, एक म्हैस आणि आबांचा म्हणजे माझ्या वडलांचा धाक. धाकटे काका मिलिट्रीत होते. वर्षाकाठी रजेवर यायचे, तेव्हा त्यांच्या काळ्या ट्रंकेत आमच्यासाठी बिस्किटं, आबांसाठी रमची बाटली आणि तळाला रहस्यकथांची चळत असायची. आगगाडीच्या लांबच्या प्रवासात वेळ जावा म्हणून स्टेशनावर घेतलेली, बराकीत हातोहात फिरून मऊ पडलेली पुस्तकं. प्रत्येकावर चित्र. हॅट घातलेला माणूस, हातात पिस्तूल, मागं दिव्याचा खांब, आणि पुढं एक बाई, डोळे फाडून किंचाळणारी. तिच्या गालावर हिरवी सावली. हिरवी! माणसाच्या गालावर हिरवा रंग लावायचं धाडस कुणाला झालं असेल, याचं मला केवढं नवल वाटायचं. आमच्या पंचक्रोशीत हॅट घातलेला माणूस कुणी बघितला नव्हता, पण माझ्या डोक्यात ती माणसं कायमची राहायला आली होती.

आबांना मात्र ती चित्रं बघून संताप यायचा. "पोरीबाळींच्या घरात ही थेरं नगंत," म्हणायचे. पुस्तक हातात आलं, की पहिलं काम काय, तर मुखपृष्ठ टर्रकन फाडायचं आणि चुलीपुढं टाकायचं. वर चित्र नसलं की पुस्तक त्यांच्या लेखी सोज्वळ झालं. मग तेच पुस्तक घेऊन माळवदावर बसायचे आणि जेवायला हाका मारल्या तरी उठायचे नाहीत. आत किती खून पडायचे, किती बायका पळवल्या जायच्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. काका मला डोळा मारायचे आणि आई पदरात तोंड लपवून हसायची.

चूल पेटवायचं काम माझ्याकडं होतं. त्यामुळं ती फाडलेली मुखपृष्ठं आपसूक माझ्या हातात पडायची. मी एकही जाळलं नाही. शेणी, चिपाडं, वाळला पाला, काय वाट्टेल ते घालून चूल पेटवायचे आणि कागद परकराच्या ओच्यात घेऊन गोठ्यात जायचे. तिथं कडब्याच्या मागं पत्र्याच्या डब्यात माझा खजिना होता. ह्या डब्याचा ठावठिकाणा माझ्याशिवाय फक्त आक्काला माहीत होता.

आक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तिला देवी आल्या, त्या तिच्या चेहऱ्यावर वण ठेवून गेल्या. कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर बारीक बारीक खड्डे. मला ते कधी दिसलेच नाहीत. म्हणजे दिसायचे, पण आक्का म्हणजे तेच तर होतं. तिचं नाक तरतरीत, मान लांब, आणि हसली की डावीकडचा एक दात जरा पुढं यायचा. स्वभावानं अशी फटकळ, की तिच्या तोंडी लागायला गल्लीतल्या बायका बिचकायच्या. पण बघायला आलेल्या लोकांपुढं तिला मान खाली घालून बसायला लागायचं, आणि प्रत्येक वेळी आलेली बाईमाणसं तिची हनुवटी धरून तोंड वर करायची. मग "कळवतो" म्हणून जायची. कुणी म्हणून कळवलं नाही. आबा रोज थोडेथोडे खचत होते आणि आक्का रोज थोडीथोडी कडू होत होती.

शेवटी काकांनीच सुचवलं, सांगलीला नेऊन झकास फोटो काढू. मीही गेले होते. स्टुडिओवाल्यानं आक्काला लाकडी कठड्याशी उभं केलं, वेणी खांद्यावरून पुढं घेतली आणि "खिडकीकडं बघा" म्हणून सांगितलं. आबांनी घसा खाकरून त्याला चेहऱ्याचं विचारलं. तो हसला. "काही काळजी करू नका. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवतो. एक वण ठेवत नाही."

आणि नाहीच ठेवला. फोटो घरी आला तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाल कसे, लोण्यासारखे. आक्कानं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, "ही कोण गं?" मी हसले. ती हसली नव्हती, हे मला जरा उशिरा कळलं. स्टुडिओवाल्याला तो फोटो इतका आवडला, की त्यानं मोठा करून बाहेरच्या काचेत लावला. त्या वेळी ते कौतुकाचंच वाटायचं. चांगला फोटो आला की तो काचेत लागायचा, घरच्यांना विचारायची रीत नव्हती.

त्या फोटोवर स्थळ जमलं. कोरेगावकडचं घर, चांगली बागायत, मुलगा मिलिट्रीत, लांब सरहद्दीवर. त्याला रजा नव्हती. फोटो तिकडं गेला आणि पसंतीचा निरोप आला. मुलाला आई नव्हती, त्यामुळं बघायला वडील आणि चुलते, असे पुरुषच आले. आबांनी आक्काला माजघराच्या उंबऱ्याशी, उजेडाकडं पाठ करून बसवलं. पदर कपाळाखाली ओढलेला, मान खाली. मर्यादेची माणसं ती, परक्या पोरीच्या तोंडाकडं टक लावून कशाला बघतील? फोटो तर बघितलाच होता. त्यांनी दोनचार प्रश्न विचारले, तिच्या हातचा चहा घेतला आणि सुपारी फोडली. मुलाला रजा मिळाली की लग्न.

ते गेल्यावर आई हळूच म्हणाली, "आवं, त्यास्नी सांगाय पायजे हुतं."

"त्येंनी इचारलं न्हाई, आपुन सांगितलं न्हाई," आबा म्हणाले. "एकदा नांदाय लागली की कोण बघतंय वण?"

आक्का आतून ऐकत होती. तिनं त्यातलं काही कधी काढलं नाही. पण त्या दिवसांत ती गाणी म्हणायला लागली होती, दळताना, भांगलताना. मुलाचा लष्करी पोशाखातला फोटो तिनं माझ्या डब्यात ठेवायला दिला होता, आणि तो बघायला सारखी मला गोठ्यात घेऊन जायची. तिला हे लग्न हवं होतं. मनापासून हवं होतं. आमच्या घरात त्यापेक्षा मोठी गोष्ट तेव्हा दुसरी नव्हती.

पुढच्या सुगीत काका पुन्हा रजेवर आले, ट्रंक उघडली, आबांनी नेहमीसारखी टराटर मुखपृष्ठं फाडली. मी चुलीपाशी बसून ती एकेक बघत होते. एकावर लाल गालिचा होता आणि त्यावर बाई आडवी पडलेली. पदर सरकलेला, बिनबाह्यांचा ब्लाउज, बरगडीत मुठीपर्यंत घुसलेली सुरी. गालाच्या एका बाजूला माझी लाडकी हिरवी सावली. डोळे अर्धे उघडे. चित्र फार सुरेख काढलं होतं. कडेला लागलेली राख झटकायला मी कागद आडवा धरला, आणि ती बाई उभी राहिली. वेणी खांद्यावरून पुढं घेऊन, मान जरा वळवून, खिडकीकडं बघत.

आक्काच ती, फोटोतली. आबांनी हाच कागद आत्ता फाडला होता! त्यांची नजर सुरीवर आणि उघड्या दंडावर गेली असणार. तोंड कुणी बघितलंच नव्हतं.

मी आक्काला गोठ्यात नेलं. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर मला शिव्या घालेल. तिनं कागद घेतला, माझ्यासारखाच आडवा-उभा करून बघितला. आपल्या गालावरून हात फिरवला, मग चित्रातल्या गालावरून.

"लय देखणी हाय गं मी," म्हणाली. आणि जरा थांबून, "जीव गेल्यावर."

"आक्का, कुणी बघितलं तर?"

"कोण बघतंय? आबांनी तरी बघितलं का?" तिनं चित्र परत दिलं. पण नंतर दुपारी पुन्हा आली, "दाव की" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आली. खोटं कशाला सांगू, आम्हा दोघींनाही ते चित्र आवडलं होतं. भीती वाटायची आणि तरी बघावंसं वाटायचं.

बघायचं त्यानं बघितलंच. काकांची पुस्तकं जशी बराकीत फिरायची, तशीच ती त्या मुलाच्या बराकीतही फिरत होती. त्याच्या ट्रंकेत आक्काचा फोटो आणि शेजारच्या खाटेवर ते पुस्तक. मित्रांनी दोन्ही शेजारी ठेवली म्हणे, आणि मग चेष्टेला सुमार राहिला नाही. तुझी बायको पुण्या-मुंबईला असली चित्रं काढून घेती व्हय रं?

एका सकाळी कोरेगावचे दोघे, मुलाचे वडील आणि चुलते, दारात उभे. चेहरे दगडासारखे. आबा लगबगीनं सामोरे गेले, आईनं पाणी पुढं केलं, त्यांनी तांब्याला हात लावला नाही. चुलत्यांनी पिशवीतून मुलानं घरी धाडलेलं ते पुस्तक काढलं आणि सोप्यातल्या सतरंजीवर ठेवलं. बाजूला आक्काचा फोटो.

"ह्ये काय हाय, पावनं? तुमची पोरगी असल्या कामाला जाती व्हय?"

आबांनी बघितलं. आयुष्यभर जी चित्रं फाडली, त्यातलं एक पहिल्यांदा नीट बघितलं. काकाच पुढं झाले. स्टुडिओच्या काचेत फोटो लावलाय, तिथनं कुणीतरी चित्रकारानं तोंड उचललं असंल, आमची पोरगी आष्ट्याच्या बाजारापलीकडं एकटी कवा गेली न्हाई, असं जीव तोडून सांगायला लागले. आबा शपथा घ्यायला लागले. म्हसोबाची, सिद्धनाथाची, गळ्याची. मुलाचे वडील मान हलवत होते.

"हुबेहूब हाय की. काढून घेतल्याबिगर कसं येईल? आमच्या पोराला पलटणीत तोंड दावाय जागा न्हाई ऱ्हायली."

मी दाराआड होते. माझ्या शेजारून आक्का गेली. मला वाटलं पाणी द्यायला चालली. ती सोप्यातून सरळ खाली अंगणात उतरली, भर उन्हात उभी राहिली, आणि पदर डोक्यावरून मागं टाकला. आई "अगं, अगं" करत धावली. आक्कानं तिला हातानं थांबवलं.

"मामंजी, हिकडं या," ती म्हणाली. सुपारी फुटल्यापासून तो शब्द ती गोठ्यात माझ्यापुढं पाठ करायची. आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "त्ये चित्र घिऊन या. आनि बगा, मी हाय का ती."

म्हातारा उठला. पुस्तक घेऊन उन्हात आला. त्यानं चित्राकडं बघितलं, आक्काच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं. उन्हात तिचा एकेक वण दिसत होता. आक्कानं मान हलवली नाही की डोळे मिटले नाहीत.

"न्हाई," म्हातारा म्हणाला. "ही ती न्हवं."

आबांचा जीव भांड्यात पडला. "मी सांगत हुतो न्हवं!" म्हणत ते हसायलासुद्धा लागले. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की त्यांचा राग येतो आणि कीवही येते. कारण म्हातारा अजून बघतच होता. मग त्यानं वळून सोप्यातल्या सतरंजीवरच्या फोटोकडं बघितलं.

"पोरगी चांगल्या चालीची हाय, त्येच्यात संशय न्हाई," तो हळू म्हणाला. "आमी बोललो त्येची माफी करा. पर पावनं, आमाला ही दावलीच न्हाई तुमी. आमाला त्या कागदावरची दावली."

त्यांनी फोटो परत दिला. पुस्तक मात्र पिशवीत टाकून नेलं. आक्का ते दिसेनासे होईपर्यंत अंगणातच उभी होती. कलंक लागून लग्न मोडलं असतं, ते वण दिसून मोडलं. आणि दोन्हीतलं कुठलं, ते तिचं तिनं ठरवलं. आत बसून राहिली असती, तर काकांनी त्यांना सांगलीला नेऊन चित्रकार उभा केला असता, कदाचित निभावलंही असतं. हे मी नंतर एकदा तिला म्हणाले. "आनि लगीन झाल्यावर त्यानं पदर काढला असता तवा?" तिनं विचारलं.

काका मात्र हट्टानं सांगलीला गेलेच, त्या चित्रकाराचे हातपाय मोडायला. आबांनी त्यांना आवरायला म्हणून मला बरोबर धाडलं. स्टुडिओवाल्यानं हसतहसत पत्ता दिला. एका पत्र्याच्या खोलीत खोकत बसलेला किडकिडीत माणूस, भिंतीला टेकवलेल्या खून झालेल्या बायका, हॅटवाले, पिस्तुलं, आणि सगळीकडं तो हिरवा. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जीव टाकला होता, तो हात असा रंगानं माखलेला, नखं कुरतडलेला होता. काका ओरडले ते त्यानं ऐकून घेतलं. आमच्यासारख्यांचे फोटो काचेत बघूनच तो तोंडं घ्यायचा. बाया काय त्याच्यापुढं बसणार होत्या? "चेहरा लई चांगला होता, म्हणून घेतला," म्हणाला. मग काकांची समजूत काढायला, अगदी मनापासून म्हणाला, "पुढच्या पुस्तकात जिवंत काढतो."

काकांचा वर गेलेला हात तसाच खाली आला. मी मात्र त्या खोलीतला हिरवा डोक्यात घेऊन आले होते, आणि त्यामुळं मला स्वतःचीच चीड येत होती.

त्या संध्याकाळी आक्का गोठ्यात आली. हातात बाभळीचा काटा होता. "त्ये दे," म्हणाली. मला वाटलं, फाडणार. तिनं चित्र मांडीवर घेतलं, खाली घडी केलेलं पोतं घातलं, आणि काट्यानं त्या गोऱ्या तोंडावर टोचायला सुरुवात केली. सावकाश. एका हाताचं बोट आपल्या गालावर ठेवून वण चाचपायची, आणि तिथंच चित्रात टोचायची. कपाळ झालं, नाक झालं, दोन्ही गाल झाले. एकही विसरली नाही. मी रडत होते, ती नव्हती.

"आता ठेव," म्हणाली. "आता मी हाय ती."

पुढं म्हसवडकडचं एक बिजवराचं स्थळ आलं. कोरडवाहू रान, दुष्काळी मुलूख. त्या माणसानं फोटो मागितलाच नाही. येऊन तिच्या तोंडाकडं सरळ बघितलं आणि "चालतंय" म्हणाला. वाईट नव्हता. आक्काला एक मुलगी झाली. माहेरी आली की ती पोर आईच्या गालावर बोटं ठेवूनच झोपायची. बोटं हलत असायची, त्या खळग्यांतून. आक्का "गुदगुल्या हुत्यात गं" म्हणायची, पण हात काढायची नाही.

दुसऱ्या बाळंतपणात आक्का गेली. तिथं डॉक्टर नव्हता आणि बैलगाडी पोचायला उशीर झाला. पोरीला आईनं आमच्याकडं आणलं. आबांनी सांगलीहून तो काचेतला मोठा फोटो आणला, चौकट करून सोप्यात लावला, हार घातला. दुसरा फोटो कधी काढलाच नव्हता.

पोर फोटोखाली उभी राहून वर बघत होती. "ही कोण?" तिनं विचारलं.

"तुझी आय," आई म्हणाली.

"न्हाई. ही आय न्हवं." आणि हुंदके द्यायला लागली. आबा तिथंच होते. ते उठून परड्यात निघून गेले.

मी तिला उचललं, गोठ्यात नेलं, डबा उघडला. मुखपृष्ठ काढून आधी खालचा भाग मागं दुमडला, मग तिच्यापुढं धरलं. तिनं रडणं थांबवलं. बोट पुढं केलं, त्या तोंडावर ठेवलं, आणि ते बोट गालावरच्या खळग्यांतून हळूहळू फिरायला लागलं.

"आय," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातातून ओढायला लागली. मी तिला वरचा भाग धरू दिला. खालची घडी मात्र दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवली, सुरी दिसू नये म्हणून.